चोडणचे खाजण

पणजीहून रायबंदरला यावे, फेरीबोटीने मांडवी ओलांडावी आणि चोडण बेटावर उतरावे. धक्क्यापासून हाकेच्या अंतरावरच डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य सुरू होते. १९८८ साली घोषित झालेले हे अभयारण्य जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटरचे आहे. वाघ-बिबळ्याच्या आशेने कुणी इथे येऊ नये. इथे चिखल पाहायचा असतो.

आम्हा वैद्यकीय व्यवसायातील मंडळींना दलदल म्हटली की प्रथम डास आठवतो. 'मलेरिया' या शब्दाचा मूळ अर्थच 'वाईट हवा'. १८९७ साली सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात या रोगाचा जंतू सापडला. पूर्वी सारा दोष दलदलीतून उठणाऱ्या वाफांच्या माथी मारला जात असे. खारफुटीतील पायवाटेवरून ओहोटीच्या वेळी एकदा चालून आले, की ही जुनी अढी बरीच सैल होते.

ओहोटीचीच वेळ धरावी, कारण तेव्हाच खरी वस्ती उघडी पडते. तिवराची श्वसनमुळे चिखलातून बोटांसारखी वर आलेली असतात आणि त्यांच्यामधून निवट्या टुणटुण उड्या मारतात. तिवराच्या पानाला जीभ लावली तर ते खारट लागते. शोषलेले मीठ हे झाड पानांवाटे बाहेर टाकते. कांदळ मात्र बहुतेक मीठ मुळाशीच अडवतो. मूत्रपिंडाशिवाय चाललेला हा कारभार पाहून नेफ्रॉलॉजिस्ट मित्रांनी जरूर विचारात पडावे! फक्त गेव्याची फांदी मोडू नये. त्याचा पांढरा चीक डोळ्यांत गेल्यास तात्पुरते अंधत्व येते.

छायाचित्रणासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. काळ्या चिखलावरचा पांढरा बगळा कॅमेऱ्याला हमखास फसवतो. प्रकाश थोडा कमी घेतला नाही, तर पिसांच्या जागी नुसता पांढरा डाग उरतो. खंड्यासाठी बसून राहण्याची तयारी हवी. तुतवारांसाठी सरळ बांधावर पालथे पडावे. कपड्यांची काळजी करणाऱ्याचे हे काम नव्हे.

बांधाचा विषय निघालाच आहे, तर त्याबद्दल थोडे सविस्तर सांगावेसे वाटते. भरतीचे पाणी मातीच्या बांधांनी अडवून मिळवलेली जमीन म्हणजे खाजण. तिथे पावसाळ्यात खाऱ्या मातीला दाद न देणारे कोरगुट भात पिकते. बांधात लाकडी दारांची मानस असते. भरतीच्या दाबाने दारे आपोआप मिटतात, ओहोटीला आतले पाणी त्यांना ढकलून बाहेर जाते. हृदयाची झडप याहून वेगळे काय करते?

ही झडप सांभाळण्याचे काम पूर्वी गावकरीकडे होते. १९६४ चा कूळ कायदा आणि १९७६ ची दुरुस्ती यांनंतर ते कूळ संघांकडे आले. मानशीवरील मासेमारीचा लिलाव होतो. ठेकेदाराला खारे पाणी आत आलेले हवे असते, भात पिकवणाऱ्याला नको असते. त्यात बांध फुटला, शेत पडीक राहिले, की तिवर उगवतो. तिवराला किनारी नियमनाचे संरक्षण असल्याने तो तोडून पुन्हा भात लावणे सोपे राहत नाही. २०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेत गोव्यातील खाजणांचे नकाशे व व्यवस्थापन आराखडे करावेत, असे आहे. पण त्याच तरतुदीत खाजणालगतच्या खारफुटीलाही संरक्षण आहे.

माझ्यापुरते सांगायचे तर अशा पडीक खाजणात पक्षी अधिक मिळतात, आणि चांगले चित्र मिळाल्याचा आनंद तेथे निर्भेळ राहत नाही. एका सकाळी बांधावर भेटलेल्या वृद्ध शेतकऱ्याने माझा कॅमेरा निरखून पाहिला. पक्ष्यांचे एवढे फोटो काढता, तर मानशीच्या कुजलेल्या फळीचाही एक काढून द्या, असे तो म्हणाला. दुरुस्तीच्या अर्जाला त्याला तो जोडायचा होता. मी तीन काढले. ओहोटी पूर्ण असताना फळीतली भेग स्पष्ट दिसत होती. त्या दिवशीच्या चित्रांपैकी तेवढीच मी कागदावर छापून घेतली आणि पुढच्या रविवारी फेरीने त्याला नेऊन दिली.