धुराड्याची झाडलोट

नांदेड-लातूरकडच्या जुन्या माळवदाच्या घरात स्वयंपाकघराच्या छताला एक साणे असे. तुळया, त्यांवर किलचन आणि किलचनावर पांढऱ्या मातीचा जाड थर अशा त्या भक्कम आच्छादनात राखलेले ते एवढेसे विवर चुलीचा धूर बाहेर सोडी, उजेड आत घेई, आणि पाऊस आला म्हणजे त्यावर काहीतरी उपडे घातले की त्याचा बंदोबस्त पुरा होई. सगळाच धूर त्यातून जात नसे, हे खरे. घरातल्या बायकांचे चुरचुरणारे डोळे आणि जुनाट खोकला त्याची साक्ष देत. परंतु साणे कधी तुंबत नसे, सबब ते झाडण्याचे काम कोणाच्याही वाट्याला आले नव्हते.

धुराडे आपल्याकडे आले ते बहुतांशी सरकारी वाटेने. मराठवाडा हैदराबाद राज्यात असताना हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत डॉ. एस. पी. राजू यांनी धुराड्याची बिनधुराची चूल सिद्ध केली आणि १९५३ साली तिच्यावर पुस्तकही लिहिले. वर्ध्याच्या मगनवाडीतील मगन चूलही साधारण त्याच काळातली. पुढे १९८० नंतरच्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि दोन भांड्यांची लक्ष्मी चूल व तिच्यामागचा ॲस्बेस्टॉस सिमेंटचा नळ महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत दिसू लागला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने माळवदावरचा भरवसाच उडवला. त्यानंतर पत्रे आणि स्लॅब आले, आणि साण्याचा विषय संपला.

माझ्या मते या चुलींच्या रचनेत फारसा दोष नव्हता. चूल बसवल्याची नोंद दप्तरी झाली, मात्र ती वर्षानुवर्षे झाडण्याची तजवीज कोणी केली नाही, येथे सारे अडले. ओडिशातील खेड्यांत अशाच चुलींची चार वर्षे पाहणी झाली, तीत पहिल्या वर्षी धुराचा त्रास घटला आणि पुढे, वापर व देखभाल ढिली पडताच, तो लाभ नाहीसा झाला. इंग्लंडात झाडणारे होते, पण ते कोण? अरुंद धुराड्यांत चढवलेली कोवळी पोरे! या कामगारांना काजळीने होणाऱ्या कर्करोगाची नोंद पर्सिव्हल पॉट या शल्यवैद्याने १७७५ साली केली, आणि मुलांना धुराड्यात चढवणे खऱ्या अर्थाने थांबवणारा कायदा झाला १८७५ साली.

काजळी धरते ती अर्धवट जळणामुळे. लाकूड नीट पेटले नाही की त्यातील डांबरी द्रव्ये वाफेबरोबर वर चढतात आणि नळाच्या थंड भिंतीला लागताच तेथेच थिजतात. आपल्याकडच्या वाळल्या तुराट्या-पऱ्हाट्या भडकून जळतात, त्यांचा उपद्रव त्या मानाने कमी. खरा अपराधी म्हणजे नुकतीच तोडलेली येडी बाभूळ, पावसात भिजलेल्या गोवऱ्या, आणि सकाळी विस्तव हवा म्हणून रात्रभर धुमसत ठेवलेला ओंडका. ताज्या तोडीच्या लाकडात जवळजवळ निम्मे वजन पाण्याचे असू शकते. ते पाचव्या हिश्शाच्या आत यावे, यासाठी लाकूड फोडून, वरून झाकून पण बाजूंनी वारा खेळेल असे निदान सहा महिने रचून ठेवावे. दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या असता खणखणल्या तर समजावे की त्या जळणाजोग्या झाल्या.

दसरा काढताना आमच्या मुलखात गोधड्यांपासून उतरंडीपर्यंत सारे घर धुऊन निघते, फक्त धुराडे तेवढे वगळले जाते. वास्तविक पावसाळ्यात थंड राहिलेल्या नळात पाखरांनी आणि गांधीलमाश्यांनी घरटी केलेली असतात ती याच वेळी काढावयाची. रोजच्या चुलीचे धुराडे दरमहा पाहावे. चूल पुरती निवल्यावर तिचे तोंड ओल्या पोत्याने बंद करावे, नाकातोंडावर फडके बांधावे आणि काथ्याचा कुंचा लांब काठीला घट्ट बांधून वरून खाली फिरवावा. ॲस्बेस्टॉसचा जुना नळ असेल तर तो कोरडा खरवडू किंवा कापू नये, बदलताना अखंडच उतरवावा. भुकटीसारखी काजळी सहज झडते. काळीशार, काचेसारखी चकाकणारी डांबरी साय मात्र कुंच्याला दाद देत नाही, आणि पेट घेते ती तीच. काम झाल्यावर पेटलेला कागद चुलीच्या आतल्या नळाच्या तोंडाशी धरावा; ज्योत आत ओढली गेली तर वाट मोकळी.

न्हाणीघरातला तांब्याचा बंब हेही धुराडेच, हे आपण विसरतो. त्याच्या मधल्या नळीत काजळी साठली की जळण जास्त लागते व पाणी उशिरा तापते, एवढ्यावर भागत नाही. दार-खिडकी लावलेल्या न्हाणीत कोंडलेला कार्बन मोनॉक्साइड ना दिसतो, ना त्याला वास येतो, आणि आंघोळीला बसलेला इसम जागच्या जागी बेशुद्ध पडतो. बंब अंगणात किंवा पडवीत पेटवावा.

धुराड्यातच आग लागली तर आतून घोंघावणारा आवाज येतो आणि वरून ठिणग्या उडू लागतात. अशा वेळी वरून पाणी ओतू नये, तापलेला नळ तडकतो. चुलीतल्या विस्तवावर माती टाकून तिचे तोंड बंद करावे, माणसे व जनावरे बाहेर काढावीत, अग्निशामक दलाला कळवावे, आणि जवळ कडब्याची गंजी असेल तर घागरी घेऊन आधी तिच्याकडे धावावे.