फौज परतते कधी?

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घेऊ. संगमनेर तालुक्यातल्या निमजचे नामदेव जाधव. ९ एप्रिल १९४५ला इटलीत सेनिओ नदीवर त्यांनी जखमी साथीदारांना वाचवलं, व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. पण आपली फौज इटलीला पाठवायचं ठरवलं लंडननं.

स्वातंत्र्यानंतर हा निर्णय दिल्लीकडे आला. २९ जुलै १९८७ला श्रीलंकेशी करार झाला आणि आपली शांतिसेना तिकडे गेली. काम काय, तर तमिळ गटांची शस्त्रं जमा करून घेणं. ऑक्टोबरात तिला एलटीटीईशीच लढावं लागलं. असं का झालं? दिल्लीला श्रीलंका एकसंध हवी होती, तमिळांना अधिकार हवे होते आणि बाहेरच्या सत्ता तिथं नको होत्या. उद्दिष्टं तीन, बंदूक एकच.

पुढं राष्ट्राध्यक्ष प्रेमदासांनी फौज परत न्यायला सांगितलं. दिल्लीतही सरकार बदललं. मार्च १९९०मध्ये शेवटची तुकडी परतली. तोवर हजाराहून जास्त जवान कामी आले होते. एलटीटीई मात्र शाबूत होती. म्हणजे परतीची तारीख लढाईनं नाही, राजकारणानं ठरवली.

म्हणून फौज पाठवतानाच सरकारला विचारायला हवं: काम झालं, असं कधी म्हणायचं? ते उत्तर जवानानं द्यायचं नसतं. किंमत मात्र तोच देतो.