सुगरणीच्या घरट्याची छायाचित्रमालिका

निसर्गातील पुष्कळशा घडामोडी अतिशय जलद तरी घडतात किंवा अतिशय संथपणे तरी. दोन्ही प्रसंगी माणसाची दृष्टी अपुरी पडते. अशा वेळी ठराविक अंतराने घेतलेल्या छायाचित्रांची मालिका उपयोगी पडते. 1878 साली कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे एडवर्ड मायब्रिज याने ओळीने मांडलेल्या कॅमेऱ्यांनी धावत्या घोड्याची छायाचित्रे घेतली आणि धावताना घोड्याचे चारही पाय क्षणभर जमिनीपासून सुटतात, हे दाखवून दिले. भारतात 1912 साली दादासाहेब फाळके यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी टिपून ‘अंकुराची वाढ’ हा लघुपट तयार केला. मायब्रिजने जलद क्रिया थांबवून दाखविली; फाळक्यांनी संथ क्रिया वेगाने दाखविली. दोघांच्याही बाबतीत काय दाखवावयाचे, हे कॅमेरा मांडण्यापूर्वीच ठरलेले होते. मालिकेच्या आखणीची ही पहिली पायरी होय.

भारताच्या बहुतेक भागांत आढळणारा सुगरण पक्षी, म्हणजेच हिंदी प्रदेशातील बया, हा अशा मालिकेसाठी उत्तम विषय आहे. मराठी नाव स्त्रीलिंगी असले, तरी घरटे विणतो तो नर. पावसाळ्यात बाभूळ, शिंदी, ताड अशा झाडांवर, पुष्कळदा पाण्यावर झुकलेल्या फांद्यांना ही घरटी वसाहतीने लटकलेली दिसतात. नर गवताच्या, भाताच्या किंवा ताडाच्या पात्याला चोचीने खाच पाडतो आणि 20 ते 60 सेंटिमीटर लांबीची पट्टी ओरबाडून आणतो. प्रथम फांदीला गाठी मारून देठ तयार होतो, मग त्याखाली एक उभे वलय आणि त्यानंतर शिरस्त्राणासारखा घुमट. येथपर्यंत सुमारे 8 दिवस लागतात. या अवस्थेत माद्या घरटी पाहण्यास येतात. मादीने पसंती दिली, तरच नर अंड्यांची खोली आणि प्रवेशाची लांब नळी पूर्ण करतो. संपूर्ण बांधणीस सुमारे 18 दिवस लागतात.

आखणी करताना येथेच एक महत्त्वाचा निर्णय घ्यावा लागतो. पूर्ण झालेले सुंदर घरटे निवडून त्याच्या मागील अवस्था अन्य घरट्यांवरून जुळविल्या, तर मालिका आकर्षक होईल. परंतु ती खरी असणार नाही. मादीने नाकारलेली, घुमटापाशीच थांबलेली घरटी तीतून गळतील आणि प्रत्येक घरटे पूर्णत्वास जातेच, असा चुकीचा समज वाचकाच्या मनात रुजेल. म्हणून हंगामाच्या आरंभी, देठ किंवा वलय दिसू लागताच, पाच-सहा घरटी निवडावीत, त्यांना क्रमांक द्यावेत आणि पुढे काहीही घडले तरी त्यांचीच चित्रे घेत राहावे. वाऱ्याने गळून पडलेले घरटे किंवा टाकून दिलेला घुमट हाही मालिकेचाच भाग समजावा.

दोन चित्रांमधील अंतर क्रियेच्या गतीवरून ठरवावे. घरट्याचा आकार कसा बदलतो, हे दाखविण्यासाठी दिवसातून एक चित्र पुरेसे आहे. गाठ कशी मारली जाते, हे दाखवावयाचे असेल, तर एका सेकंदात अनेक चित्रे घ्यावी लागतील. या दोन मालिका वेगळ्या ठेवाव्यात. बांधणी, सुमारे दोन आठवडे अंडी उबविणे आणि त्यानंतर पिले उडेपर्यंतचे अडीच आठवडे यांचा हिशेब केल्यास जवळजवळ 50 दिवस होतात. पावसाने वाया जाणारे दिवस धरून 60 दिवसांची तयारी ठेवावी. पाच घरट्यांची रोज एक याप्रमाणे ही 300 चित्रे होतील.

दैनंदिन मालिकेत बदल केवळ घरट्यात दिसावा. कॅमेऱ्याची जागा, उंची, लेन्स आणि चौकट यांत तो होता कामा नये. तिवईच्या पायांच्या जागी खुंट्या ठोकून ठेवाव्यात. वेळही एकच असावी. ही घरटी पुष्कळदा झाडाच्या पूर्वेच्या अंगास असतात. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यापासून त्यामुळे आसरा मिळत असावा, असे मानले जाते. छायाचित्रकाराच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा, की सकाळचा प्रकाश घरट्यावर समोरून पडतो. लटकते घरटे वाऱ्याने सतत हलत असल्यामुळे शटर 1/500 सेकंदाहून अधिक काळ उघडे न राहणे चांगले. रंगाचीही नोंद व्हावी, कारण ताजे विणकाम हिरवे असते आणि पुढे ते वाळून पिवळट होते. जुन्या घरट्यात कालची भर कोणती, हे त्यावरून ओळखता येते.

या सर्वांहून मोठी जबाबदारी पक्ष्याविषयीची आहे. फांदी वाकविणे, आड येणारी पाने तोडणे किंवा आत डोकावण्यासाठी नळी उघडणे या गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना वा घरट्यांना उपद्रव देणे हे शिकारीच्या व्याख्येतच मोडते. 300 मिलिमीटर किंवा अधिक नाभीय अंतराची लेन्स घ्यावी आणि लपण दूर उभारून दोन-तीन दिवसांत हळूहळू पुढे सरकवावे. पक्षी घरट्याकडे येण्यास कचरत असतील, तर लपण मागे घ्यावे. आतील घडामोडी बाहेरूनही कळतात. मादी चोचीत भक्ष्य घेऊन वारंवार आत जाऊ लागली, की पिले बाहेर आली, असे समजण्यास हरकत नाही.

प्रत्येक चित्रासोबत दिनांक, वेळ, घरट्याचा क्रमांक, हवामान आणि पाहिलेली घटना यांची नोंद त्याच दिवशी वहीत करावी. डिजिटल कॅमेरा वेळ आपोआप नोंदवितो. परंतु घुमटावर बसलेली मादी आत शिरून परतली की तेथेच राहिली, हे तो सांगत नाही. एखाद्या दिवसाचे चित्र चुकले, तर ती जागा रिकामी ठेवावी. दुसऱ्या दिवसाचे चित्र तेथे बसवू नये. एकदा नळी विणून झाली, की तिच्याआधीचे रूप पुढील पावसाळ्यापर्यंत पुन्हा पाहावयास मिळत नाही. त्यावेळीही ते घरटे दुसरेच असेल. रिकामी जागा प्रामाणिकपणे दाखविणारी मालिका अभ्यासकाच्या उपयोगी पडते. जुळवून पूर्ण केलेली मालिका त्याची दिशाभूल करते.