फवारणीत सुरक्षिततेची सवय कशी लावावी?

फवारणी करताना हातमोजे घालावेत, नाकातोंडावर मास्क लावावा, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये, ह्या सूचना बहुतेक शेतकरी बंधूंना तोंडपाठ आहेत. तरीही हंगामात शिवारातून चक्कर मारली तर अर्ध्या बाह्यांच्या बनियनवर पंप पाठीला लावलेला मजूर हमखास दिसतो. सन २०१७ च्या पावसाळी हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. अशा वेळी 'लोक अडाणी आहेत, ऐकत नाहीत' असे म्हणून आपण मोकळे होतो. प्रस्तुत लेखकाला हे पटत नाही. माहिती असूनही माणूस तसे का वागत नाही, याचा अभ्यास वर्तनशास्त्रात झालेला आहे व तो आपल्या कामाचा आहे.

बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिले की, एखाद्या कृतीनंतर जे फळ मिळते त्यावरून ती कृती पुन्हा होणार की नाही हे ठरते. लगेच आणि नक्की मिळणारे फळ हे उशिरा व कदाचित मिळणाऱ्या फळापेक्षा नेहमी भारी पडते. आता फवारणीचे पाहा. मास्क लावला की दोन मिनिटांत घामाच्या धारा लागतात, श्वास कोंडतो. हा त्रास लगेच व रोजचा. मास्क काढला की बरे वाटते, तेही लगेच. विषबाधा मात्र दर वेळी होत नाही. दहा वेळा काही झाले नाही म्हणजे अकराव्या वेळीही होणार नाही, असे मन धरून चालते. त्यामुळे केवळ भीती घालून उपयोग होत नाही. सुरक्षित वागणे सोपे आणि धोक्याचे वागणे अवघड होईल अशी कामाची मांडणी करावी लागते.

यात सर्वांत महत्त्वाची, आणि सर्वांत कमी बोलली जाणारी बाब म्हणजे मजुरी. अनेक ठिकाणी फवारणीची मजुरी पंपावर ठरते. जितके पंप जास्त तितके पैसे जास्त. मग मजूर भर दुपारी थांबत नाही, वारा फिरला तरी थांबत नाही, पंप गळत असला तरी तसाच पाठीवर घेतो. कपडे ओले झाले तर बदलायला वेळ कोण घालवणार? फवारणाऱ्याच्या शरीरात विष मुख्यतः कातडीवाटे शिरते, आणि ओला सदरा हे विष तासन्‌तास अंगाला चिकटवून ठेवतो. एका बाजूने सावकाश फवारण्याचा उपदेश करावयाचा आणि दुसऱ्या बाजूने घाईचे पैसे द्यावयाचे, हे जुळत नाही. फवारणीपुरती तरी रोजंदारी ठरवावी, काम सकाळच्या थंड वेळेत उरकावे आणि हातपाय धुण्याचा व कपडे बदलण्याचा वेळ मजुरीतच धरावा. पंपामागे चार पैसे वाचतील तेवढ्यात दवाखान्याची एक फेरीही भागत नाही.

बाकीच्या गोष्टी लहान आहेत, पण कामी येतात. द्रावण हाताने ढवळले जाते कारण काठी जवळ नसते. म्हणून काठी पिंपालाच दोरीने बांधून ठेवावी. नोझल तुंबले की तोंडाने फुंकण्याची सवय फार वाईट. दात घासण्याचा जुना ब्रश पंपाच्या पट्ट्याला बांधला की तो हाताशी येतो. मोजे, चष्मा व मास्क पेटीत न ठेवता पंपाच्याच खुंटीला टांगावेत, म्हणजे पंप उचलताना ते आधी हातात येतात. तंबाखू-खर्ऱ्याची पुडी खिशात असली की विषाचा हात तोंडात जाणारच. ती पुडी पाणी व साबणाबरोबर बांधावर ठेवावी. खर्रा हवा असेल तर साबण आधी दिसला पाहिजे. नाकाला गुंडाळलेला साधा रुमाल वाफ अडवीत नाही, उलट भिजला की औषध नाकाशीच धरून ठेवतो. छातीइतक्या वाढलेल्या कपाशीत पुढे चालत फवारले तर फवारलेली पाने अंगाला घासतात. तेथे समोरून प्लॅस्टिकचा लांब एप्रन हवाच.

नवा मजूर पत्रक वाचीत नाही, जुन्याकडे पाहतो. मालकाने स्वतः मोजे घालून पहिला पंप भरला तर बाकीचे निमूट घालतात.

जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी 'जर-तर' पद्धतीच्या संकल्पावर संशोधन केले आहे. 'काळजी घेईन' असे मोघम ठरवण्यापेक्षा 'जर अमुक झाले तर मी तमुक करीन' असे ठरविलेले जास्त पाळले जाते. हंगामापूर्वीच घरातील व कामावरील सर्वांनी मिळून असे ठरवावे: वारा तोंडावर आला तर पंप खाली ठेवायचा. फवारताना डोके दुखू लागले, मळमळले, जास्त घाम वा लाळ सुटली, अंधुक दिसू लागले तर 'एवढी ओळ संपवू' असे न म्हणता काम तेथेच थांबवायचे, कपडे काढून अंग साबणाने धुवायचे. कोणाच्या गाडीने व कोणत्या दवाखान्यात न्यायचे हेही आधीच ठरलेले असावे. जाताना औषधाचा डबा किंवा त्यावरील लेबल बरोबर न्यावे, कारण सेंद्रिय फॉस्फरस गटातील कीटकनाशकांवर ॲट्रोपिन चालते, पण प्रत्येक गटावर तोच उतारा चालत नाही, आणि कोणते औषध होते हे डॉक्टरांना लेबलावरूनच कळते.