हुतूतूचा दम व कबड्डीचा नियम

चैत्र-वैशाखात गावोगावच्या यात्रा सुरू झाल्या म्हणजे मंचरच्या आसपास, किंबहुना सबंध आंबेगाव व जुन्नर तालुक्यांत, कुस्त्यांच्या आखाड्याबरोबरच कबड्डीचे मैदानही आखले जाते. हुतूतू या नावाने हा खेळ येथील खळ्यावर व नदीकाठच्या वाळूत पिढ्यान् पिढ्या खेळला गेला आहे. त्यामुळे तो आपणास समजतो, असा प्रत्येकाचा समज असतो. परंतु फलकावर एकाच वेळी तीन गुण चढले, किंवा कोणी हातही न लावता गडी बाद झाला, म्हणजे हाच जाणता प्रेक्षक शेजाऱ्याच्या तोंडाकडे पाहू लागतो. तेथून कुजबुज, कुजबुजीतून आरडाओरड आणि आरडाओरडीतून तंटा, हा क्रम ठरलेला. ज्याला नियम ठाऊक नाही त्याला पंच नेहमीच पक्षपाती वाटतो. म्हणून या परिचित खेळाची ओळख नवख्याप्रमाणे, अगदी पहिल्या रेषेपासून करून घेणे इष्ट होय.

प्रथम मैदानाचा विचार करू. पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असते. मध्यरेषेने त्याचे साडेसहा मीटरांचे दोन सारखे भाग होतात. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरांवर जी समांतर रेषा असते ती निदानरेषा, आणि तिच्या पलीकडे एक मीटरावर बोनस रेषा. बोनस रेषेच्या पाठीमागे अंतिम रेषेपर्यंत पावणेदोन मीटरच जागा उरते. दोन्ही बाजूंना लांबीभर एकेक मीटराचा जो पट्टा असतो त्यास राखीव क्षेत्र म्हणतात. हा पट्टा डोळ्यांस क्षुल्लक दिसतो, परंतु पुष्कळशी भांडणे त्याच्यावरच होतात, हे पुढे दिसून येईल.

प्रत्येक संघाचे सात गडी मैदानात उतरतात. पुरुषांचा सामना २० मिनिटांच्या दोन डावांचा असतो व मध्यंतर पाच मिनिटांचे. नाणेफेक जिंकणाऱ्याने मैदानाची बाजू तरी निवडावी किंवा पहिली चढाई तरी. मध्यंतरानंतर बाजू बदलतात. चढाया आळीपाळीने होतात आणि एक चढाई संपल्यावर पाच सेकंदांच्या आत दुसऱ्या संघाने आपला गडी धाडलाच पाहिजे.

या खेळाचा आत्मा म्हणजे दम. चढाई करणाऱ्याने प्रतिपक्षाच्या भूमीस पाय लावण्यापूर्वीच ‘कबड्डी, कबड्डी’ हा उच्चार सुरू करावयाचा आणि आपल्या भूमीत परत येईपर्यंत तो एकाच श्वासात, पंचांस स्पष्ट ऐकू जाईल असा चालू ठेवावयाचा. दम तुटला की चढाई संपली. हा उच्चार कशासाठी, असा प्रश्न मुले नेहमी विचारतात. त्याचे उत्तर सोपे आहे. खेड्यातील खळ्यावर घड्याळ कोठून असणार? माणसाचा श्वास हेच तेथील घड्याळ होते. शत्रूच्या घरात किती वेळ राहावयाचे याचे माप प्रत्येकाने आपल्या छातीतच बाळगावयाचे होते. आता दमाच्या जोडीला ३० सेकंदांची मर्यादाही घातली आहे. तेवढ्या अवधीत परतला नाही तर चढाई करणारा बाद होतो.

चढाई करणाऱ्यास काय साधावयाचे असते? हात, पाय किंवा अंगाचा कोणताही भाग प्रतिपक्षाच्या गड्यास लावून सुखरूप परत यावयाचे. जितक्यांना स्पर्श केला तितके बाद, आणि तितकेच गुण. कोणासही स्पर्श झाला नाही, तर निदान एकदा तरी निदानरेषा ओलांडलीच पाहिजे, नाहीपेक्षा तो स्वतः बाद होतो. मध्यरेषेवर घुटमळून वेळ काढणाऱ्या भित्र्यास हा नियम क्षमा करीत नाही. याच हेतूने अलीकडे असाही नियम आला आहे की, लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसऱ्या चढाईत गुण मिळवलाच पाहिजे, न मिळाल्यास गडी बाद. तिला ‘करो या मरो’ची चढाई म्हणतात.

बोनसचा गुण नवख्यास सर्वांत अधिक चकवितो. बचाव करणारे सहा किंवा सात गडी मैदानात असतील तेव्हाच तो मिळतो. चढाई करणाऱ्याने एक पाय बोनस रेषेच्या पलीकडे टेकावयाचा आणि त्या क्षणी दुसरा पाय अधांतरी असावयाचा. बोनस घेतल्यावर तो पकडला गेला तरी त्याच्या संघाचा बोनस जात नाही. पकडीचा गुण मात्र प्रतिपक्षास मिळतो. दोन्ही बाजूंचा फलक एकदम का हलला, याचे कोडे असे उलगडते.

आता बचावाकडे वळू. बचाव करणारे गडी हातात हात गुंफून साखळी करतात. दोन्ही टोकांस उभे असतात ते कोपरारक्षक. चढाई करणाऱ्यास धड किंवा हातपाय धरूनच अडवावयाचे असते. तोंड दाबून दम तोडणे, केस किंवा कपडे ओढणे, पायांची कात्री घालणे, धसमुसळेपणाने ढकलून मैदानाबाहेर काढणे, ही सर्व कृत्ये निषिद्ध आहेत. अपराधाच्या गांभीर्याप्रमाणे हिरवे, पिवळे वा तांबडे कार्ड दाखविले जाते. पिवळ्या कार्डाने गड्यास दोन मिनिटे बाहेर बसावे लागते, तांबड्याने तो सामन्यातूनच जातो. उलटपक्षी, चार जणांनी घट्ट आवळले असतानाही ज्याचा दम तुटलेला नाही व ज्याचे बोट मध्यरेषेस लागले, तो सुटला आणि त्याला धरणारे चौघे बाद झाले. मैदानात तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असता त्यांनी पकड साधली तर एक गुण अधिक मिळतो, त्यास अव्वल पकड म्हणतात. दुर्बळ झालेल्या पक्षास उभे राहण्याची संधी देणारा हा नियम मोठा न्याय्य आहे.

अंगाशी अंग भिडणाऱ्या खेळात असे निर्बंध किती आवश्यक असतात, हे अमेरिकेच्या इतिहासावरून कळते. तिकडील फुटबॉल नावाने पायाचा असला तरी पुष्कळसा हातांनी खेळतात. अकरा गड्यांचा संघ चेंडू घेऊन प्रतिपक्षाच्या भूमीत शिरतो आणि चार प्रयत्नांत दहा यार्ड भूमी जिंकतो. न जिंकल्यास चेंडू दुसऱ्याकडे जातो. म्हणजे तोही भूमी व पकड यांचाच खेळ. परंतु १९०५ च्या हंगामात त्या खेळात अनेक तरुण प्राणास मुकले. तेव्हा अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी महाविद्यालयांच्या प्रतिनिधींस बोलावून खेळ सुधारण्याचा आग्रह धरला, आणि १९०६ साली चेंडू पुढे फेकण्यास अनुमती देणारे व दाटीतील रेटारेटी कमी करणारे नवे नियम आले. खेळ बंद पडला नाही, नियमांनी तो वाचविला.

कबड्डीचीही गोष्ट फारशी निराळी नाही. महाराष्ट्रात हुतूतू, बंगालमध्ये हडुडू, दक्षिणेत चेडुगुडु, अशी तिची नावे अनेक आणि रीतीही अनेक. संजीवनी प्रकारात बाद झालेला गडी पुन्हा जिवंत होई, गामिनीत बाद तो बादच राही, आणि अमर प्रकारात बाद होऊनही मैदान सोडावे लागत नसे. आजच्या कबड्डीने संजीवनीचा मार्ग पत्करला आहे. प्रतिपक्षाचा एक गडी बाद केला की आपला एक गडी, ज्या क्रमाने बाद झाला त्या क्रमाने, परत येतो. बोनसच्या गुणाने मात्र कोणी जिवंत होत नाही. सातही गडी बाद झाले तर लोण चढले असे म्हणतात. त्याचे दोन अधिक गुण मिळतात व सर्व गडी पुन्हा मैदानात येतात. ही एकवाक्यता घडवून आणण्यात महाराष्ट्रातील व्यायामप्रेमी मंडळींचा वाटा फार मोठा होता. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी हा खेळ जगास दाखविला. १९५० साली अखिल भारतीय संघटना स्थापन झाली. पुढे शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांनी खेळाच्या प्रसारास आयुष्य वाहिले. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत कबड्डीस स्थान मिळाले. २०१४ पासूनच्या व्यावसायिक स्पर्धेत पुणेरी पलटण हा संघ उतरला आणि १ मार्च २०२४ रोजी हरियाणा स्टीलर्सवर २८-२५ असा विजय मिळवून त्याने प्रथमच अजिंक्यपद पटकाविले.

आता त्या क्षुल्लक दिसणाऱ्या पट्ट्याकडे येऊ. चढाई करणाऱ्याचा व बचाव करणाऱ्याचा स्पर्श झाला म्हणजे राखीव क्षेत्र मैदानात मोडते. स्पर्शापूर्वी मात्र तेथे पाय टाकणारा बाद होतो. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझाऊ येथे आशियाई स्पर्धेचा अंतिम सामना भारत व इराण यांच्यात चालला होता. २८-२८ अशी बरोबरी आणि वेळ अगदी थोडा उरलेला. भारताचा कर्णधार पवन सेहरावत चढाईस गेला व कोणासही स्पर्श न करता राखीव क्षेत्रात शिरला. त्याच्या पाठोपाठ इराणचे गडीही त्याच पट्ट्यात गेले. एका नियमाप्रमाणे आत गेलेले सर्वच बाद, दुसऱ्याप्रमाणे चढाई करणारा तेवढा बाद. कोणता नियम लागू, यावर सुमारे तासभर खेळ थांबला, खेळाडू मैदानावरच बसून राहिले. अखेर भारतास चार व इराणास एक गुण मिळाला आणि भारताने ३३-२९ असा सामना जिंकला. सुवर्णपदकाचा निर्णय एका मीटराच्या पट्ट्यावर झाला!

जेथे निवडक पंच व चित्रफितीची साधने होती तेथे ही स्थिती, तर यात्रेतील मैदानाची काय कथा? तेथे समोरचा संघ शेजारच्या गावचा असतो. त्या गावाशी सोयरीक असते, बाजारहाट असतो. एका गुणावरून उठलेला तंटा सामन्याबरोबर संपत नाही, तो वर्षानुवर्षे पुरतो. यास्तव सामन्यापूर्वी सरपंचाने, म्हणजे खेळातील मुख्य पंचाने, दोन्ही संघांस एकत्र बोलावून राखीव क्षेत्र, बोनस व तिसरी चढाई यांचे नियम मोठ्याने सांगावेत, ते प्रेक्षकांसही ऐकू जावेत. फक्कीच्या रेषा ठळक असाव्यात व मध्यंतरात पुन्हा आखाव्यात. प्रेक्षकांस रेषेपासून दूर बसवावे. आणि घरोघरी मुलांबरोबर मुलींसही हे नियम शिकवावेत, कारण आता त्याही चढाईस उतरतात.

दम छातीत असतो, तो ज्याचा त्याने कमवावयाचा. नियम मात्र सर्वांच्या मालकीचा असतो. तो सर्वांस ठाऊक असला म्हणजे हरलेला गडीही अंगावरची माती झटकून जिंकणाऱ्याच्या हातात हात देतो.