तोडायची कुऱ्हाड, फोडायची पाचर

औंधहून बोलतेय. आजचा विषय आहे सरपण फोडण्याचा.

गॅस घरोघरी आला, पण सिलिंडर पुरवून वापरावा लागतो. अंघोळीचं पाणी, भाकरी, कार्याचा स्वयंपाक अजून चुलीवरच होतो. आणि आपल्या खटाव-माण, खानापूर-आटपाडी भागातली कितीतरी गडीमाणसं गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली. मग दारातले ओंडके फोडायचे कुणी?

आमच्या गटातल्या एका काकूंच्या दारात वादळानं बाभूळ पडली. मुलगा परगावी. महिनाभर माणसाची वाट बघितली आणि शेवटी स्वतःच कुऱ्हाड उचलली. तिसऱ्या घावाला ती ओंडक्यात रुतली. काकूंनी लाकडावर पाय ठेवून हिसका दिला, कुऱ्हाड सुटली ती थेट नडगीवर. सात टाके पडले. सगळे म्हणाले, "बाईमाणसाचं काम आहे का हे?" मी म्हणते, चूक बाईची नव्हती, हत्यार चुकीचं होतं.

तोडणं आणि फोडणं ही दोन वेगळी कामं आहेत. फांदी आडवी तोडताना लाकडाच्या शिरा कापायच्या असतात. त्याला पातळ पात्याची, धारदार, दीड किलोच्या आतबाहेरची कुऱ्हाड लागते. ओंडका उभा फोडताना शिरा कापायच्या नसतात, त्या एकमेकींपासून दूर सारायच्या असतात. तिथं धारेपेक्षा जाडी महत्त्वाची. पातळ पातं आत घुसतं, पण लाकूड फाकवत नाही, म्हणून रुतून बसतं.

फोडण्यासाठी वेगळी जाड कुऱ्हाडही मिळते. तिला मॉल म्हणतात. पुढून पाचरीसारखी, मागून हातोड्यासारखी चपटी, वजन तीन ते चार किलो. सरळ, बिनगाठीच्या ओंडक्याला ती झटपट काम करते. पण प्रत्येक घावाला तेवढं वजन डोक्यापर्यंत उचलायचं आपल्यालाच. वीस-पंचवीस घावांत खांदे भरून येतात, आणि दमलेल्या हाताचा नेम चुकतो.

म्हणून एकट्या बाईला माझ्या मते लोखंडी पाचर आणि हलका घण बरा. लोहाराचा मोठा घण नको, तीन किलोच्या आतला घ्या. ओंडक्याला आधीच चीर असते, तिथं पाचर हळू ठोकून उभी करा. ती पक्की बसली की हात काढून घ्या आणि मग घण मारा. घण डोक्यावर न्यायची गरज नाही, छातीपर्यंत पुरे. पाचरी दोन ठेवा. एक अडकली तर दुसरी शेजारी ठोकली की पहिली मोकळी होते. ट्रकच्या जुन्या पाट्यापासून लोहार कुऱ्हाडी करतात, त्याच्याकडूनच पाचरी करून घेता येतात. घिसाडी कुटुंबातल्या बायका रस्त्याकडेला घण मारताना आपण पाहतोच. तेव्हा घण बाईला झेपत नाही, हे कुणी सांगू नये.

आता काही नेम. कुऱ्हाडीच्या पाठीवर घण मारू नका. तिचं नेढं फाकतं, दांडा निसटतो. पाचरीचं डोकं ठोकून ठोकून फुलतं आणि त्याचे कपचे डोळ्यात उडतात. ते वेळोवेळी घासून घ्या, फोडताना चष्मा लावा. ओंडका जमिनीवर नको, रुंद ठोकळ्यावर उभा करा, तोही पलीकडच्या कडेला. नेम चुकला तर घाव ठोकळ्यात जाईल, पायावर नाही. पाय फाकवून उभ्या राहा, घाव बसताना गुडघे वाकू द्या, कंबरेवर भार येत नाही. मोठा ओंडका मधोमध फोडू नका, कडेकडेनं फळ्या काढत या. गाठ असेल तो तुकडा बाजूला ठेवा, पाणी तापवायला तसाच चालतो. पदर, निऱ्या खोचून घ्या, चपलेऐवजी बूट घाला, पोरांना लांब ठेवा. कुऱ्हाड रुतलीच तर दांडा वर-खाली हलवून सोडवा, हिसका नाही.

आणि वेळ साधा. बरीच कठीण लाकडं ओली असताना सहज फुटतात, वाळली की दगड होतात. झाड पडलं की लगेच फोडा. फोडलेलं लाकूड लवकर वाळतं. मनगटाएवढ्या ढलप्या करून उन्हात रचा, पावसाआधी आडोशाला न्या. वाळलेलं जळण कमी लागतं आणि धूर कमी करतं. तो धूर आपल्याच छातीत जातो, बायांनो.

आमच्या गटानं दोन पाचरी, एक घण आणि एक चष्मा घेतलाय. वहीत नाव लिहून जी ती घेऊन जाते, दांडा हलतोय का बघून परत ठेवते. मागच्या आठवड्यात वहीत काकूंचं नाव होतं. उरलेली बाभूळ त्यांनी चार दिवसांत फोडली, रोज तासभर, घाई न करता. तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय काढा.