कालवं काढताना बोट कापलं आणि सकाळी लाली मनगटापर्यंत, जिवाणू इतक्या वेगाने पसरतात कसे?

ओहोटी लागली की अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनच्या खडकांवर कालवं काढणाऱ्या बायका दिसतात. कालवाची शिंपली पात्यासारखी धारदार, त्यामुळे बोट कापणं रोजचंच. मासळी निवडताना शिंगाळ्याचा काटा घुसणंही रोजचंच. जखम धुतली, हळद दाबली की बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो.

पण क्वचित कधीतरी संध्याकाळी बोट ठणकायला लागतं आणि सकाळी लाली मनगटापर्यंत आलेली असते. एका रात्रीत जिवाणू इतके पुढे कसे जातात?

तर, ते वाट कापत जातात.

आपल्या त्वचेखाली, स्नायूंभोवती, रक्तवाहिन्यांभोवती एक जाळं असतं. शाळेच्या पुस्तकात त्याला संयोजी ऊती म्हणतात. या जाळ्याचे दोर म्हणजे कोलॅजन. शरीरातल्या एकूण प्रथिनांपैकी जवळपास ३० टक्के वाटा एकट्या कोलॅजनचा. दोरांच्या मधल्या जागेत जेलीसारखा पदार्थ भरलेला असतो, त्यात मुख्य असतं हायलुरॉनिक ॲसिड. हो, चेहऱ्याच्या सीरमच्या जाहिरातीत असतं तेच.

कोलॅजनच्या दोराला तीन धाग्यांचा घट्ट पीळ असतो. प्रथिनं तोडणाऱ्या साध्या एन्झाइम्सना हा पीळ सहसा दाद देत नाही. त्यासाठी खास कात्री लागते, ती म्हणजे कोलॅजिनेज. गॅस गँगरीन करणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्सकडे ती असते. स्ट्रेप्टोकोकस पायोजेनिस वेगळी युक्ती वापरतो. त्याचं हायलुरॉनिडेज जेली पातळ करतं आणि संसर्गाला कुंपण घालण्यासाठी शरीर जी रक्ताची गुठळी तयार करतं, ती विरघळवायचं काम त्याचं स्ट्रेप्टोकायनेज करतं.

किनाऱ्यावर ज्याची खरी भीती, तो मात्र व्हिब्रिओ व्हल्निफिकस. कॉलरा करणाऱ्या जिवाणूचा हा भाऊबंद १९७० च्या दशकात वेगळा ओळखला गेला. त्याला कोमट आणि जरा कमी खारट पाणी आवडतं, म्हणजे खाडीच्या मुखाजवळचं. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या मासळीतही तो सापडला आहे. परदेशात तो बऱ्याचदा कच्ची कालवं खाल्ल्याने पोटात जातो. आपल्याकडे कालवं शिजवून खातात, म्हणून ती वाट बरीचशी बंद. उरते जखमेची.

त्याच्या एन्झाइमला जस्ताचा अणू लागतो. रक्तवाहिन्यांना आधार देणाऱ्या पातळ थरातलं कोलॅजन ते तोडतं. वाहिन्या गळू लागतात आणि त्वचेवर जांभळे, रक्ताने भरलेले फोड येतात. अर्थात सगळा दोष या एकाच एन्झाइमचा नाही. ते काढून टाकलेले जिवाणूही प्रयोगात उंदरांना मारू शकले, कारण जिवाणूकडे पेशी मारणारी विषंही असतात.

इथेच उपचाराची अडचण होते. अँटिबायोटिक रक्तातून जखमेपर्यंत पोचतं, पण रक्तवाहिन्याच बंद पडल्या तर औषध जाणार कुठून? म्हणून मेलेला भाग सर्जनला कापून काढावा लागतो, आणि तोही लवकर. या जिवाणूचा संसर्ग झालेल्या पाचांपैकी साधारण एक जण दगावतो, काही तर आजारी पडल्यावर एक-दोन दिवसांतच.

निरोगी माणसाला धोका कमी. यकृताचा आजार, रोजची दारू किंवा मधुमेह असेल तर तो बराच वाढतो. अशा घरातल्या आईला किंवा काकांना "एवढ्याशा कापण्याला कशाला डॉक्टर" असं म्हणू देऊ नका.

ओळखायची खूण? जखम दिसते त्या मानाने दुखणं फार जास्त असतं. लालीच्या कडेने पेनाने रेघ मारा, शेजारी वेळ लिहा. तासा-दोन तासांत लाली रेघ ओलांडत असेल, ताप किंवा फोड आले असतील, तर सकाळची वाट न बघता सर्जन असलेलं रुग्णालय गाठा. आणि तिथे पोचल्यावर जखम खाडीच्या किंवा समुद्राच्या पाण्यात झाली, हे आधी सांगा. व्हिब्रिओचा संशय असेल तर डॉक्टर औषधं वेगळी निवडतात.